दुहेरी मालकी (घर व जमीन)

दुहेरी मालकी म्हणजे घराची अथवा बांधकामाची मालकी एका व्यक्तीकडे आणि ते ज्या जमिनीवर उभे आहे त्या जमिनीची मालकी दुसऱ्या व्यक्तीकडे, संस्थेकडे वा शासनाकडे असण्याची स्थिती होय. अशा स्थितीत घरमालकाने स्वतःच्या कष्टाच्या पैशाने भिंती उभारलेल्या असतात, छप्पर घातलेले असते, घरपट्टीही भरलेली असते. तथापि त्या घरात राहण्याचा त्याचा हक्क जमीनमालकाशी असलेल्या त्याच्या नात्यावर अवलंबून असतो. हे नाते भाडेपट्ट्याचे, परवान्याचे, अपूर्ण खरेदीचे किंवा केवळ प्रत्यक्ष वहिवाटीचे असू शकते. नाते बदलले की संरक्षणही बदलते.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न प्रामुख्याने फिरत्या घरांच्या वसाहतींमध्ये आढळतो. तेथे रहिवासी घर विकत घेतात, मात्र ते ज्या जागेवर ठेवलेले असते ती जागा वसाहतीच्या मालकाकडून भाड्याने घेतात. महाराष्ट्रात अशा वसाहती नाहीत. परंतु घर आपले व जमीन परक्याची ही स्थिती सर्वत्र आढळते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात झोपडपट्ट्या, गुंठेवारी वसाहती, सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील वसाहती, तसेच इनामी, धर्मादाय व वक्फ जमिनींवरील घरे असे तिचे बहुतेक सर्व प्रकार एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात.

संकल्पना

इंग्लंडच्या कायद्यात जमिनीला जे कायमचे जोडले जाते ते जमिनीचाच भाग होते, असे रोमन कायद्यावरून आलेले तत्त्व प्रचलित आहे. त्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेले घर जमीनमालकाचे होते. भारतात हे तत्त्व जसेच्या तसे स्वीकारले गेले नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८६६ साली दिलेल्या निर्णयात, प्रामाणिक समजुतीने दुसऱ्याच्या जमिनीवर बांधकाम करणाऱ्यास ते बांधकाम काढून नेण्याचा अथवा त्याची भरपाई मिळविण्याचा हक्क या देशातील रूढी व कायदे मान्य करतात, असे प्रतिपादन करण्यात आले. पुढे प्रिव्ही कौन्सिलनेही ही भूमिका मान्य केली. घर आणि जमीन यांचे मालक भिन्न असू शकतात, हा विचार त्यामुळे भारतीय कायद्यात रुजला.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये या विचाराचे प्रतिबिंब दिसते. या अधिनियमाच्या कलम १०८ (ह) नुसार, विरुद्ध करार नसल्यास, पट्टेदाराने जमिनीला जोडलेल्या वस्तू पट्टा संपल्यानंतरही त्याला काढून नेता येतात. मात्र त्यासाठी जागा त्याच्या ताब्यात असली पाहिजे आणि ती मूळ स्थितीत परत केली पाहिजे. ताबा सुटल्यानंतर हा हक्क उरत नाही. आपण जमिनीचे खरे मालक आहोत अशा प्रामाणिक समजुतीने सुधारणा करणाऱ्या खरेदीदाराला भरपाई देण्याची तरतूद कलम ५१ मध्ये आहे.

या तरतुदींचा व्यावहारिक उपयोग मर्यादित आहे. विटा, सिमेंट व लोखंड यांनी बांधलेले घर काढून नेता येत नाही. ते पाडल्यावर पत्रे, चौकटी, दारे-खिडक्या एवढेच हाती लागते. त्यामुळे घराची मालकी कायद्याने शाबूत राहिली, तरी जमिनीवरील ताबा गेल्याबरोबर तिचे मूल्य जवळजवळ संपुष्टात येते. दुहेरी मालकीतील घरमालकाच्या हक्कांचे संरक्षण म्हणजे वस्तुतः त्याच्या जमिनीवरील ताब्याचे संरक्षण असते, ते याच कारणामुळे.

छत्रपती संभाजीनगरमधील पार्श्वभूमी

मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे वसविलेले हे शहर मोगल व निजाम राजवटींत वाढले. त्या काळातील इनामे, धार्मिक संस्थांना दिलेल्या जमिनी आणि खासगी जमिनी यांची गुंतागुंत शहराच्या जुन्या भागांत आजही कायम आहे. १९४८ मधील हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर मराठवाडा प्रथम हैदराबाद राज्यात राहिला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्यामुळे येथील जमीनविषयक कायदे उर्वरित महाराष्ट्रातील कायद्यांपेक्षा दीर्घकाळ वेगळे होते.

चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे १९७० आणि १९८० च्या दशकांत मराठवाड्याच्या ग्रामीण भागातून शहरात मोठे स्थलांतर झाले. कारखान्यात काम मिळाले, पण परवडणारी अधिकृत घरे तितक्या वेगाने उभी राहिली नाहीत. ही उणीव झोपडपट्ट्यांनी आणि शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांनी भरून काढली. डिसेंबर १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन होऊन आसपासची गावे तिच्या हद्दीत आली, तेव्हा अशा अनेक वस्त्या आधीच अस्तित्वात होत्या.

प्रकार

भुईभाड्याची जागा

खासगी मालकाकडून मोकळी जागा भाड्याने घेऊन त्यावर स्वतःच्या खर्चाने घर वा दुकान बांधणे, हा दुहेरी मालकीचा सर्वांत सरळ प्रकार होय. अशा जागेच्या भाड्यास भुईभाडे म्हणतात. फिरत्या घरांच्या वसाहतीतील रहिवाशाशी या भाडेकरूचे सर्वाधिक साम्य आहे.

मुंबई प्रांतात लागू असलेल्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात शेतीखेरीज अन्य वापराची मोकळी जमीनही ‘जागा’ या व्याख्येत येत असे. मराठवाड्यात मात्र हा कायदा लागू नव्हता. तेथे घरांच्या भाड्यासंबंधीचा हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा अमलात होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संपूर्ण राज्यात लागू झाला आणि आधीचे कायदे रद्द झाले. नव्या अधिनियमातील ‘जागा’ या शब्दाची व्याख्या इमारत अथवा इमारतीचा भाग यांपुरती मर्यादित आहे. परिणामी मोकळी जमीन भाड्याने घेऊन तीवर घर बांधणाऱ्यास या अधिनियमाचे संरक्षण सामान्यतः मिळत नाही. इमारतीतील भाडेकरूला भाडेवाढ व बेदखली यांविरुद्ध जे संरक्षण आहे, ते स्वतः घर बांधणाऱ्या भुईभाडेकरूला नाही, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली आहे.

अशा भाडेकरूला करार व मालमत्ता हस्तांतरण अधिनियम यांचाच आधार उरतो. लेखी करार नसेल आणि जागा निवासासाठी असेल, तर कलम १०६ नुसार पट्टा महिनेवारी समजला जातो व तो १५ दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार नोंदविणे बंधनकारक आहे. साध्या कागदावर किंवा नोटरीसमोर केलेल्या दीर्घ मुदतीच्या कराराने ती मुदत सिद्ध करता येत नाही.

घोषित झोपडपट्टी

शासकीय, महापालिकेच्या किंवा खासगी जमिनीवरील झोपड्यांबाबत महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ हा प्रमुख कायदा आहे. राहण्यास अयोग्य वा आरोग्यास घातक स्थितीतील वस्ती सक्षम प्राधिकारी कलम ४ अन्वये ‘झोपडपट्टी क्षेत्र’ म्हणून घोषित करू शकतो. या घोषणेचा परिणाम केवळ सुधारणांपुरता राहत नाही. कलम २२ नुसार घोषित क्षेत्रातील रहिवाशाला बेदखल करण्यासाठी दावा दाखल करण्यापूर्वी, किंवा आधी मिळालेल्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी करण्यापूर्वी, जमीनमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. परवानगी देताना रहिवाशाला त्याच्या ऐपतीतील पर्यायी निवारा उपलब्ध होईल काय, तसेच बेदखली झोपडपट्टीच्या सुधारणेच्या वा निर्मूलनाच्या हिताची आहे काय, हे पाहणे आवश्यक असते.

संरक्षित झोपडीधारकांसंबंधीचे स्वतंत्र प्रकरण या अधिनियमात नंतर समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार ठरावीक दिनांकापूर्वीपासून प्रत्यक्ष राहणाऱ्या झोपडीधारकास छायाचित्रासह ओळखपत्र, म्हणजेच फोटोपास, दिला जातो. हा दिनांक आरंभी १ जानेवारी १९९५ होता. २०१४ च्या सुधारणेने तो १ जानेवारी २००० करण्यात आला. संरक्षित झोपडीधारकाला व्यापक सार्वजनिक हितासाठी हलवावयाचे झाल्यास त्याचे पुनर्वसन करणे बंधनकारक आहे. त्यानंतरच्या, परंतु १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद पुढे करण्यात आली.

अघोषित वस्तीतील घरांना कलम २२ चे संरक्षण मिळत नाही. त्यामुळे दिसायला सारख्या असलेल्या दोन शेजारच्या वस्त्यांची कायदेशीर स्थिती पूर्णतः भिन्न असू शकते.

गुंठेवारी

एक गुंठा म्हणजे एक एकराचा चाळिसावा भाग, सुमारे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीची मंजूर रेखांकनाविना गुंठ्यांत विभागणी करून विकलेल्या भूखंडांना गुंठेवारी म्हणतात. येथे घरमालकाने जमिनीची किंमत चुकती केलेली असते. तरीही तुकडेबंदी व नगररचना कायद्यांमुळे खरेदीखताची नोंदणी झालेली नसते आणि सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचेच नाव राहते. व्यवहार मुद्रांकावर, म्हणजे लोकभाषेत ‘बाँडवर’, झालेला असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ नुसार १०० रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच पूर्ण होते. केवळ मुखत्यारपत्र, करारनामा वा मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. यामुळे मूळ मालकाच्या वारसांनी जागेवर हक्क सांगणे, एकच भूखंड दोघांना विकला जाणे, बँकेने कर्ज नाकारणे असे धोके घरमालकापुढे राहतात.

अशा वस्त्यांसाठी महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१ करण्यात आला. तो आरंभी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांना लागू होता. २०२१ च्या सुधारणेने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. विहित शुल्क भरल्यावर भूखंड व त्यावरील बांधकाम नियमित केल्याचे प्रमाणपत्र नियोजन प्राधिकरण देते. शासकीय वा सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे या मार्गाने नियमित होत नाहीत. छत्रपती संभाजीनगरमध्ये गुंठेवारी वसाहतींची संख्या मोठी असल्याने हा विषय शहराच्या राजकारणात व महापालिकेच्या कारभारात सातत्याने अग्रभागी राहिला आहे.

सिडको व अन्य भाडेपट्टे

१९७० मध्ये स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको) त्या दशकापासून शहरात ‘नवे औरंगाबाद’ विकसित केले. येथील एन-२, एन-६, एन-९ यांसारख्या विभागांतील घरे व भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. २००६ मध्ये या भागातील नागरी सुविधांचे व्यवस्थापन महानगरपालिकेकडे आले. तथापि पट्टेदार व सिडको यांच्यातील करारी संबंध त्यामुळे संपले नाहीत. नोंदणीकृत पट्टा असल्याने हे घरमालक झोपडीधारक वा गुंठेवारीधारक यांच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतात. मात्र घर विकताना, वारसाच्या नावे करताना वा गहाण ठेवताना पट्ट्याच्या अटींनुसार ना हरकत प्रमाणपत्र व हस्तांतरण शुल्क यांचा प्रश्न येतो. त्यामुळे पट्ट्याचे रूपांतर पूर्ण मालकीत करावे, ही येथील रहिवाशांची जुनी मागणी आहे.

सदनिकाधारकांच्या गृहनिर्माण संस्थांमध्येही याच प्रश्नाचे एक रूप दिसते. सदनिका खरेदी केली तरी इमारतीखालील जमीन विकासकाच्या वा मूळ मालकाच्या नावावर राहते. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ च्या कलम ११ नुसार जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे करणे विकासकावर बंधनकारक आहे. त्याने ते टाळल्यास जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळविता येते.

धर्मादाय व वक्फ जमिनी

देवस्थाने व अन्य सार्वजनिक न्यासांच्या जमिनींवर अनेक जुनी घरे आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार न्यासाची बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीसाठी पट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक आहे. विश्वस्तांनी परस्पर लिहून दिलेल्या दीर्घ पट्ट्यावर विसंबून घर बांधणारा पुढे अडचणीत येऊ शकतो. वक्फ जमिनींचे पट्टे वक्फ कायद्याच्या अधीन असतात. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय याच शहरात, पाणचक्की परिसरात आहे.

पाल व कोपी

चाकांवरच्या घराशी शब्दशः साम्य असलेली घरे महाराष्ट्रात भटक्या जमातींची आहेत. घिसाडी, वैदू, मसणजोगी आदी जमातींतील कुटुंबे पाल ठोकून राहत आली आहेत. पाल ही जंगम वस्तू आहे. ती कुटुंबाच्या निर्विवाद मालकीची असते, पण ती कोठे ठोकावी याचा हक्क कायद्याने दिलेला नाही. काही जमातींवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने बसविलेला शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, तरी गावकुसाबाहेरील मुक्कामाबद्दलचा संशय लगेच ओसरला नाही. स्थिर पत्ता नसल्याने शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव आणि जातीचा दाखला मिळणेही कठीण होते. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या कुटुंबांना वसाहतीसाठी जमीन व घरकुल देण्याची तरतूद आहे. मराठवाड्यातून दरवर्षी साखरपट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या कोप्याही अशाच असतात. बांबू, पाचट व ताडपत्रीचे हे घर कामगाराचे, तर जागा कारखान्याची वा शेतकऱ्याची असते, आणि हंगाम संपताच मुक्काम हलवावा लागतो.

बेदखलीविरुद्ध संरक्षण

कोणत्याही प्रकारात मोडणाऱ्या घरमालकाला काही समान संरक्षणे उपलब्ध आहेत. पहिले संरक्षण कायदेशीर प्रक्रियेचे आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, ज्याला संमतीविना व कायदेशीर मार्गाशिवाय स्थावर मालमत्तेतून बाहेर काढण्यात आले, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. या दाव्यात मालकी कोणाची, हा प्रश्न विचारात घेतला जात नाही. खासगी जमीनमालकाने रातोरात कुलूप लावणे किंवा छप्पर उतरविणे यांविरुद्ध हा परिणामकारक उपाय आहे. शासनाविरुद्ध मात्र या कलमाखाली दावा करता येत नाही.

शासकीय कारवाईच्या संदर्भात घटनेचे कलम २१ महत्त्वाचे ठरते. मुंबईतील पदपथवासी व झोपडीधारकांवरील १९८१ च्या कारवाईतून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९८५ मध्ये निर्णय दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग मानण्यात आला, आणि हटविण्यापूर्वी सामान्यतः नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे सांगण्यात आले. मात्र सार्वजनिक जागेवर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. निकालाचा पूर्वार्ध वारंवार सांगितला जातो आणि उत्तरार्ध अनेकदा विसरला जातो.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामे पाडण्याबाबत देशभर लागू असलेले निर्देश दिले. त्यांनुसार किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, वैयक्तिक सुनावणी, कारणांसह आदेश आणि आदेशानंतर पुन्हा १५ दिवसांची मुदत देणे आवश्यक आहे. कारवाईचे चित्रीकरणही करावे लागते. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामे आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडापाडी यांना हे निर्देश लागू नाहीत. २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेने प्रमुख रस्त्यांच्या रुंदीकरणासाठी बांधकामे हटविण्याची मोठी मोहीम राबविली, तेव्हा परवानगीची कागदपत्रे असलेल्या व नसलेल्या मालमत्ताधारकांच्या स्थितीतील अंतर ठळकपणे समोर आले.

महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून शहरातच असल्याने रिट याचिकेसाठी मुंबईस जाण्याची गरज उरलेली नाही.

कागदपत्रांचा अर्थ

घरमालकांजवळ सामान्यतः अनेक कागद असतात, परंतु प्रत्येक कागद वेगळी बाब सिद्ध करतो.

वीजबिल: वीज अधिनियम, २००३ नुसार मालकाप्रमाणेच भोगवटादारालाही वीजजोडणी मिळते. त्यामुळे वीजबिल वास्तव्य दाखविते, मालकी नव्हे. वास्तव्याचा कालावधी सिद्ध करण्यासाठी मात्र जुनी बिले अत्यंत उपयुक्त असतात.

मालमत्ता कराची पावती: कर आकारला म्हणजे बांधकाम अधिकृत झाले, असे होत नाही. अवैध बांधकामावर महापालिका करासोबत शास्तीही आकारू शकते.

फोटोपास: तो झोपडीधारकाला बेदखलीपासून व पुनर्वसनासाठी संरक्षण देतो, जमिनीची मालकी देत नाही.

गुंठेवारी प्रमाणपत्र: त्याने भूखंड व बांधकाम नियोजनाच्या दृष्टीने नियमित होते. मालकीबाबत वारसांमधील वा खरेदीदारांमधील वाद त्यामुळे मिटतोच असे नाही.

नोंदणीकृत भाडेपट्टा: मुदत, भाडे, हस्तांतरण व नूतनीकरण यांच्या अटी त्यात असल्याने दुहेरी मालकीतील हा सर्वांत भक्कम दस्त होय.

सातबारा व मालमत्ता पत्रक: या महसुली व भूमापन नोंदी आहेत. अंतिम मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालयच करते; तथापि विरुद्ध पुरावा येईपर्यंत महसुली नोंदी खऱ्या मानल्या जातात.

दीर्घ वास्तव्याविषयीचा समज

‘बारा वर्षे राहिले की जागा आपली होते’ असा समज सर्वत्र प्रचलित आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार खासगी मालकाविरुद्ध १२ वर्षे व शासनाविरुद्ध ३० वर्षे प्रतिकूल कब्जा राहिल्यास मूळ मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो, हे खरे आहे. परंतु हा कब्जा उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारणारा असावा लागतो. भाड्याने वा परवानगीने मिळालेला ताबा कितीही वर्षे टिकला, तरी तो प्रतिकूल ठरत नाही. भुईभाडे भरल्याची पावती एकीकडे भाडेकरूचे नाते सिद्ध करते आणि दुसरीकडे प्रतिकूल कब्जाचा दावा संपविते. शहरातील लेबर कॉलनी येथील शासकीय निवासस्थाने ११ मे २०२२ रोजी पाडण्यात आली. तेथे अनेक कुटुंबे कित्येक दशके राहत होती. मात्र मूळ ताबा सेवेच्या निमित्ताने मिळालेला असल्याने दीर्घ वास्तव्यातून हक्क निर्माण होऊ शकला नाही.

इतर प्रदेशांतील व्यवस्था

ब्रिटनमधील फिरती घरे अधिनियम, १९८३ या प्रश्नाची थेट दखल घेतो. संरक्षित वसाहतीतील रहिवाशाला लेखी करार देणे मालकावर बंधनकारक आहे. ठरावीक कारणांसाठी व न्यायालयीन मार्गानेच करार संपविता येतो. घर विकल्यास वसाहतीच्या मालकाला किमतीच्या कमाल १० टक्के दलाली घेता येते. इंग्लंडमध्ये जागेच्या भाड्यातील वार्षिक बदलाचा आधार २०२३ पासून ग्राहक किंमत निर्देशांक हा करण्यात आला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या १९७८ च्या कायद्यानेही बेदखलीची कारणे निश्चित केली आहेत. न्यू हॅम्पशायर राज्यात १९८४ पासून रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापून वसाहतीची जमीनच विकत घेण्याचा मार्ग रूढ झाला.

भारतात मध्य प्रदेशाने १९८४ मध्ये नागरी भागातील भूमिहीनांना पट्टे देणारा कायदा केला. ओडिशाने २०१७ च्या कायद्याने झोपडपट्टीवासीयांना जमिनीवर वारसाहक्काने मिळणारा व गहाण ठेवता येणारा, परंतु विकता न येणारा हक्क दिला. महाराष्ट्रात नागपूर शहरात शासकीय जमिनींवरील झोपडीधारकांना पट्टेवाटप करण्यात आले आहे.

मतभेद व मागण्या

घरमालकांच्या संरक्षणाबाबत दोन परस्परविरोधी आक्षेप घेतले जातात. जमीनमालकांच्या व नियोजनकारांच्या मते, संरक्षणाची मुदत पुन्हा पुन्हा वाढविल्याने अतिक्रमणांस प्रोत्साहन मिळते, प्रामाणिकपणे परवानगी घेणाऱ्या नागरिकावर अन्याय होतो आणि रस्ते, शाळा व उद्याने यांसाठीची आरक्षणे निष्फळ ठरतात. कलम २२ च्या परवानगीमुळे खासगी मालकाचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात, अशीही तक्रार असते. याउलट निवासहक्क चळवळींचे म्हणणे असे की, शहराला ज्यांच्या श्रमाची गरज आहे त्यांच्या घरांसाठी नियोजनात जागाच ठेवली गेली नाही. मुदतीनंतर आलेल्या कुटुंबाची गरज आधी आलेल्या कुटुंबापेक्षा कमी नसते.

शासकीय घरकुल योजनांतही जमिनीचा प्रश्न आडवा येतो. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (नागरी) लाभार्थीने स्वतः घर बांधण्याच्या घटकात जागेवरील हक्काचा पुरावा आवश्यक आहे. परिणामी ज्याच्याजवळ जमिनीचा कागद नाही, त्याला कच्च्या घरासाठी अनुदान मिळत नाही. तोच गरजू असूनही योजनेबाहेर राहतो. यावर उपाय म्हणून वस्त्यांचे सर्वेक्षण करून घोषणा पूर्ण करणे, फोटोपास अद्ययावत करणे, पती-पत्नीच्या संयुक्त नावे पट्टे देणे, पट्ट्याच्या हस्तांतरण शुल्कावर मर्यादा घालणे आणि भुईभाडेकरूंना इमारतीतील भाडेकरूंप्रमाणे किमान संरक्षण देणे, अशा मागण्या पुढे आल्या आहेत.